वार्धक्य आणि वांटणी

बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बिंदुसरेच्या तलावाजवळ, पाली नांवाचें गांव आहे. बीड जिल्ह्यांतील अनेक घरें दिवाळीच्या सुमारास रिकामीं होतात. मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं कोयता घेऊन ऊसतोडीला साखरपट्ट्यांत जातात, आणि मागें घराच्या राखणीला म्हातारा-म्हातारी उरतात. अशा घरांत दोन-चार एकरांचा सातबारा कोणाच्या नांवें आहे, या प्रश्नावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. तो म्हाताऱ्याच्या नांवें असेल तर निदान सल्लामसलतीला तरी त्याची आठवण होते. मुलांच्या नांवें झाला असेल तर त्याची भाकरी केवळ मुलांच्या मर्जीवर राहते. वृद्धांच्या या स्थितीस कायद्यानें वेळोवेळीं कोणता आधार दिला, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रारंभ फार दूर शोधावयास नको. हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत चालणारें वारसाशास्त्र ज्या मिताक्षरेवर उभें आहे, ती विज्ञानेश्वरानें अकराव्या-बाराव्या शतकांत चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास कल्याणीला लिहिली. तें कल्याण आणि आपलें बीड हीं दोन्हीं पुढें १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यांत होतीं. मिताक्षरेचा सिद्धान्त असा कीं, वडिलार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बाप हा एकटा धनी नव्हे, तो अनेक भागीदारांतील वडील भागीदार. म्हणून ती मिळकत मरणोत्तर अमक्यास द्यावी असें तो लिहून ठेवूं शकत नसे. हिंदु धर्मशास्त्रांत मृत्युपत्राला स्थान नव्हतें, तें यामुळेंच.

मग वृद्धाचें रक्षण कशानें होई? शास्त्रकारांनीं तें कर्तव्याच्या रूपानें सांगितलें. वृद्ध मातापिता, साध्वी स्त्री आणि लहान मूल यांचें पोषण, करूं नयेत अशीं शंभर कृत्यें करावीं लागलीं तरी केलेंच पाहिजे, असें मनूच्या नांवावर सांगतात. वांटणी झाली तर मातेला पुत्राइतका अंश द्यावा, असाही नियम होता. परंतु खरा आधार चूल एक असण्याचा होता. सामाईक घर मोडलें नाहीं तोंवर म्हाताऱ्याचें ताट वाढलें जाई. चूल वेगळी झाली कीं शास्त्रवचन उरे, आणि तें बजावून घेण्याची ताकद वृद्धाजवळ नसे. विधवेची स्थिति तर याहून बिकट. तिच्या वांट्यास बहुधा पोटगीच येई.

बीडमध्यें मुसलमान कुटुंबेंही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं आहेत. त्यांच्या शरियतीनें मृत्युपत्र मानलें, पण त्याला मर्यादा घातली. कर्ज व अंत्यविधीचा खर्च वजा जातां उरलेल्या मिळकतीच्या तृतीयांशापलीकडे वसीयत करावयाची तर वारसांची संमति हवी. मरणशय्येवर केलेल्या देणगीसही हेंच बंधन. दुर्बल झालेल्या माणसाकडून कोणी कांहीं लिहून घेईल, ही शंका त्या कायद्यानें फार पूर्वीं ओळखली होती.

इंग्रजी अंमलांत कलकत्ता, मुंबई, मद्रास येथील धनिक हिंदु मृत्युपत्रें करूं लागले. त्यांना नियम लावणारा कायदा १८७० सालीं झाला, आणि १९२५ च्या वारसा कायद्याखालीं १९२७ च्या आरंभापासून पुढें केलेल्या सर्व हिंदु मृत्युपत्रांस लेख, सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदार हीं बंधनकारक झालीं. निजामी मुलखांत मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आपोआप चालत नसे. तेथील दप्तराची भाषा उर्दू, मराठी शेतकऱ्याला ती वाचतां येत नसे. जो कागद वाचतां येत नाहीं त्याच्यावर अंगठा उठविणें म्हणजे दुसऱ्याच्या इमानावर भरंवसा टाकणें होय.

हैदराबाद भारतांत आल्यावर हें चित्र पालटलें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवेला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली, आणि एकत्र कुटुंबांतील आपल्या हिश्श्याचें मृत्युपत्र करण्याची मुभा पुरुषाला दिली. मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व साऱ्या देशानें २००५ सालीं दिला. हक्काबरोबर कर्तव्यही आलें. विवाहित मुलीवरही आईबापांच्या पोषणाची जबाबदारी आहे, असा निवाडा महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं दिला.

२००७ सालीं मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला. साठ वर्षांवरील माणसाला दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्याऐवजीं उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढें साधा अर्ज करतां येतो. त्या कायद्यांत पोटगीची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठरविली. अपत्यहीन वृद्धाला, त्याची मिळकत ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे त्या नातलगाकडून पोटगी मागतां येते. पण आमच्या मतें त्यांतील सर्वांत मोलाचें कलम २३ वें. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानें सांभाळ केला नाहीं, तर तो व्यवहार कपटानें झाला असें मानून रद्द करतां येतो.

यांतील 'अट' हा शब्द महत्त्वाचा आहे. अशी अट नसेल तर या कलमाचा आधार मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं म्हटलें. जानेवारी २०२५ मध्यें मध्य प्रदेशांतील एका मातेच्या बाबतींत त्याच न्यायालयानें उदार दृष्टि घेतली, बक्षीसपत्र रद्द ठरविलें आणि घराचा ताबा तिला परत देवविला. पण तिच्याजवळ सांभाळाचें वचन लेखी होतें, हें विसरतां कामा नये.

यावरून आम्हांस एवढेंच दिसतें कीं, जें मरणानंतर द्यावयाचें तें हयातींत देऊन टाकण्याची घाई म्हाताऱ्यांनीं करूं नये. मृत्युपत्र हयात असेतों केव्हांही बदलतां येतें; नोंदलेलें बक्षीसपत्र सहसा फिरत नाहीं. आणि बक्षीसपत्र करणेंच भाग पडलें तर अन्न, औषध व राहण्याची जागा यांची अट त्यांतच स्पष्ट लिहावी, तें दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावें, मगच अंगठा उठवावा. पुष्कळांस ही भाषा कठोर वाटेल. पोटच्या पोराशीं अटी कसल्या, असें ते म्हणतील. ज्याला आईबापांस सांभाळावयाचेंच आहे त्या मुलाला त्या अटीचें ओझें वाटण्याचें कारण नाहीं. आणि जो मुलगा त्या अटीला हरकत घेतो, त्याचा मनोदय वडिलांना वेळींच कळलेला बरा.