करारातील एक शब्द

संस्थेच्या घटनेतून एक शब्द वगळला तर त्यापाठोपाठ किती ठराव आणि किती रुसवेफुगवे येतात, हे जुन्या मंडळांत वावरलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. संगणकविश्वातील ‘डेबियन’ या स्वयंसेवी प्रकल्पाचा इतिहास याच जातीचा आहे.

इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. निरनिराळ्या लेखकांचे प्रोग्रॅम जमवावयाचे, प्रत्येकाचे नियमानुसार ‘पॅकेज’ बांधावयाचे आणि त्यांतून संगणकाची संपूर्ण कार्यप्रणाली सर्वांस विनामूल्य द्यावयाची, हे त्याचे कार्य. कोणती फाईल कोठे ठेवावी, परवान्याची माहिती कोठे नोंदवावी, हे सारे नियमपुस्तिकेत असते. परंतु पॅकेज कसे बांधावे यापेक्षा कोणते घरात घ्यावे, हा वाद अधिक खोल गेला.

जुलै १९९७ मध्ये ब्रूस पेरेन्स यांच्या पुढाकाराने ‘सामाजिक करार’ संमत झाला. डेबियन संपूर्णतः ‘मुक्त सॉफ्टवेअर’ राहील, हे त्याचे पहिले वचन. जे कोणासही वापरता, बदलता आणि बदललेल्या रूपात वाटता येते ते मुक्त. पण सॉफ्टवेअर म्हणजे केवळ प्रोग्रॅम, की त्याची माहितीपुस्तिका आणि यंत्राच्या चिपमध्ये भरावयाचे फर्मवेअरही? २००४ च्या एप्रिलात मतदान होऊन त्या वचनातून ‘सॉफ्टवेअर’ हा शब्दच गेला. आता सर्वच मुक्त हवे. ठरावाचे शीर्षक मात्र ‘संपादकीय दुरुस्त्या’! नवे वचन अक्षरशः पाळावयाचे तर होऊ घातलेली ‘सार्ज’ आवृत्ती अडणार, हे लगेच उघड झाले. तेव्हा पुन्हा मतदान घेऊन बदलाचा अंमल सार्जनंतर करावयाचे ठरले, आणि जून २००५ मध्ये ती बाहेर पडली. (डेबियनच्या मतपत्रिकेवर पसंतीक्रम द्यावयाचा असतो, आणि २०२२ पर्यंत तीवर ‘अधिक चर्चा’ हाही पर्याय असे. आमच्या मंडळांत बहुधा तोच निवडून आला असता.)

२००६ मध्ये पुस्तिकांचा निर्णय लागला. ज्या पुस्तिकेत अपरिवर्तनीय भाग नाहीत, ती त्या परवान्याखालीही मुक्त. गंमत अशी की, मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘ईमॅक्स’च्या पुस्तिकेत त्यांचा जाहीरनामाच अपरिवर्तनीय होता, म्हणून ती मुख्य संग्रहाबाहेर, अमुक्त विभागात गेली. आपल्या निवेदनाची कोणी मोडतोड करू नये, ही लेखकाची इच्छा आम्हां साहित्यप्रेमींस सहज पटते. तरीही डेबियनने केले ते आम्हांस न्याय्य वाटते. नियम गुरुजनांसाठी सैल केला, तर परक्यास तो कोणत्या तोंडाने लावावा?

फर्मवेअरची कथा निराळी. त्यावाचून अनेक संगणकांचे वायफाय चालत नाही, आणि त्याची मूळ संहिता उत्पादक देत नाहीत. वचन पाळणाऱ्या संस्थेची प्रणाली नवख्यास बसविताच येऊ नये, असा पेच वर्षानुवर्षे राहिला. अखेर २०२२ मध्ये, तिप्पट बहुमताची अट पार करून, सभासदांनी करारात सवलत घातली. जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरसोबत येते, मात्र संग्रहात त्याचा विभाग स्वतंत्र आहे. पहिल्या कलमातील वचनाला हात लागला नाही. पाचव्या कलमात एका वाक्याची भर पडली.