नारो शंकर : घोडदळाचा सरदार आणि झाशीचा नगरकर्ता

खणखणीत आवाजाच्या माणसाला मराठीत ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. वसईच्या १७३९ मधील विजयानंतर आणलेली ही पोर्तुगीज घंटा नाशिकच्या रामेश्वर मंदिरावर आहे. १७४७ मध्ये हे मंदिर उभारणारे नारो शंकर दाणी, राजेबहाद्दर, लोकस्मृतीत प्रायः या घंटेपुरतेच उरले. त्यांच्या कर्तृत्वाचा खरा ठसा मात्र झाशीचा किल्ला, बडा बाजार व त्याभोवतीचे जुने शहर यांतच शोधावा लागतो.

छत्रसालाच्या साहाय्यास १७२९ मध्ये धावून गेलेल्या बाजीरावास बुंदेलखंडाचा सुमारे तृतीयांश मुलूख मिळाला. परंतु मुलूख मिळणे आणि राखणे यांत अंतर होते. ओरछेकरांशी झालेल्या संघर्षात ज्योतिबा शिंदे मारले गेले, ही त्याची साक्ष होय. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. चपळ घोडदळ चौथाई वसूल करू शकते. कायम अंमलास ठाणे, पेठ आणि रयत लागते, हे त्यांनी ओळखले. वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेल्या किल्ल्याचा त्यांनी विस्तार केला. तो भाग शंकरगड म्हणून ओळखला जातो. किल्ल्याच्या पायथ्याशी शहर वसविताना ओरछा व आसपासच्या गावांतील रहिवासी तेथे आणले गेले. हे स्थलांतर सर्वस्वी स्वेच्छेचे नव्हते. झाशीच्या भरभराटीचे मोल ओरछ्यालाही मोजावे लागले, हे विसरून चालणार नाही.

१७५७ मध्ये पेशव्यांनी त्यांना परत बोलाविले. त्याच वर्षी रॉसबाखच्या रणांगणावर प्रशियाचा घोडदळ-सेनानी साइडलिट्झ आपल्या हल्ल्यांनी कीर्तिशिखरावर पोहोचला. नारो शंकरांच्या वाट्याला असा दिवस आला नाही. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली त्यांच्या हवाली केली. पानिपतच्या पराभवाची वार्ता येताच, जानेवारी १७६१ मध्ये, त्यांना ती सोडावी लागली. पुढे रघुनाथरावांच्या पक्षाने त्यांना प्रतिनिधीचे मुतालिक नेमले.

रणांगणावरील जयापजय हाच निकष मानला, तर ही कारकीर्द मध्यम ठरेल. परंतु नेवाळकरांना लाभलेली आणि १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी लढविलेली झाशी तटबंदी, बाजार व वस्तीसह आकारास आली ती या पंधरा वर्षांत. मराठी सत्तेच्या उत्तरेकडील इतिहासात लढायांइतकेच वसाहतींचेही मोजमाप झाले पाहिजे. आणि त्यात वसलेल्यांबरोबर विस्थापितांचीही नोंद असली पाहिजे.