फीत संपण्याआधीची घंटा

परवा कपाट आवरताना आईच्या ओव्यांची कॅसेट सापडली. १९८४ साली मीच रेकॉर्ड केलेली. लावून बघितली, तर ऐन शेवटच्या ओवीत खट्कन बटण वर आलं. फीत संपली होती, आई मात्र पुढे गातच राहिली होती...

संगणक क्षेत्रातल्या भाच्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, हे दुखणं आमच्याकडेही जुनंच आहे."

आयबीएमने १९५२ मध्ये फितीवर माहिती साठवणारं ७२६ हे यंत्र आणलं. पुढे अर्धा इंच रुंद, २४०० फूट लांब फितीची रिळं सर्रास झाली. शेवट साधारण २५ फुटांवर आला की तिथे एक चकचकीत पट्टी चिकटवलेली असे. तिच्यावरून उजेड परतला की यंत्राला कळे, फीत संपत आली. परीक्षेत शेवटच्या दहा मिनिटांची घंटा द्यायचो ना, तशीच!

पण घंटा झाल्यावर काय करायचं? ते ठरवतो ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामधला दुभाषा प्रोग्रॅम. त्याने घंटेलाच 'चूक' म्हटलं, तर नीट उतरलेला मजकूरही राहिला असं वाटून पुढच्या रिळावर पुन्हा लिहिला जाणार. काणाडोळा केला, तर फीतच रिळावरून सुटणार. बीएसडी युनिक्समधला 'डंप' प्रोग्रॅम तर घंटेवर विसंबतच नसे. फितीची लांबी २३०० फूट धरायची आणि हिशोबानेच आधी थांबायचं!

लिनक्सच्या ड्रायव्हरची रीत मला फार आवडली. घंटा झाली तरी हातातलं लिखाण पुरं करायचं आणि 'पुरं झालं' असंच कळवायचं. पुढचं लिहायला घेतलं की मात्र 'जागा संपली' म्हणायचं. त्यानंतरही समारोपाच्या नोंदीपुरतं लिहू द्यायचं, म्हणजे हे रीळ इथे संपलं, उरलेलं पुढच्या रिळावर, हे नोंदवता येतं. आपली पुरवणीच की!

सांगायचं एवढंच, की शेवट कुणालाच चुकत नाही. तो आधी कळावा आणि आवरायला थोडी जागा मिळावी, एवढंच आपल्या हातात.

वर्गात आयुष्यभर वेळेवर घंटा दिली. त्या दिवशीही रेकॉर्डरवरचा आकडा समोरच फिरत होता. मी मात्र ओव्या ऐकण्यात रमलो, आणि आईला थांबवायचं राहून गेलं.

असो. तुमच्याकडे अशा कॅसेटी असतील, तर वेळीच उतरवून घ्या मंडळी.