घरखर्चाचा तौलनिक अभ्यास : प्रस्तावना

सोलापूर हे या अभ्यासाला नवखे गाव नाही. १९२५ साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने येथील कापड गिरण्यांतल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च नोंदवले आणि १९२८ मध्ये त्यांचा अहवाल छापला. धान्य, सरपण-दिवाबत्ती, कापडचोपड, घरभाडे, किरकोळ: आपल्या माणसांचा संसार तेव्हाच जगाच्या तुलनेत मांडता येईल अशा रकान्यांत उतरला होता. याचा आम्हा सोलापूरकरांना अभिमान वाटावा.

या विषयाचा पाया १८५७ मधला. उत्पन्न वाढते तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियमच्या कुटुंबांवरून दाखवले. २०२३-२४ च्या राष्ट्रीय घरखर्च पाहणीत भारताच्या ग्रामीण भागात हा वाटा सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात ४० टक्के आढळला. अमेरिकेत तो साधारण आठवा हिस्सा भरतो.

वाचकांनी मात्र या आकड्यांपाशी जरा थांबावे. जुळे सोलापुरातल्या एका घरी रोज भाकरी थापली जाते. पाहणीत फक्त ज्वारीचा पैसा चढतो, थापणारीचे कष्ट नाहीत. शेजारच्या घरात बचत गटाची कडक भाकरी विकत येते, तिथे तेच कष्ट अन्नखर्चात मोजले जातात. जेवण तेच, आकडे वेगळे. स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा भाड्याचा रकाना आपल्या पाहणीत कोरा असतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र ते भाडे अंदाजाने धरतात. म्हणून प्रत्येक देशाच्या तक्त्याला आधी विचारावे, या घराला काय विकत घ्यावेच लागले नाही? मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो.

चलनाचेही तसेच. डॉलरचे नुसते रुपये केले, तर इथली स्वस्त दाढी-कटिंग हिशेबातून निसटते. ही अडचण सोडवायला संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९६८ मध्ये किमतींच्या आंतरराष्ट्रीय तुलनेचे काम हाती घेतले.

नव्या वाचकाने सुरुवात घरच्या वहीपासून करावी. महिनाभर किराणा, दूध, वीजबिल, हप्ते लिहून पाहा. शाळेची फी, दिवाळीचे कपडे, गड्ड्याच्या यात्रेतली खरेदी त्यात सापडणार नाही. त्यासाठी वर्षभर मागे जावे लागेल. आपली राष्ट्रीय पाहणीही भाजीपाला मागच्या सात दिवसांचा विचारते आणि कपडे, शिक्षण वर्षाचे. ते का, हे तुमची वही तुम्हाला कोणत्याही ग्रंथाआधी सांगेल.