नाताळ आणि गणगोत

नाताळ म्हटला की डोळ्यांपुढे एक घर उभे राहते. मधोमध सजवलेले झाड, त्याभोवती नातवंडांचा गलका, खुर्चीत आजोबा, स्वयंपाकघरात आजी, आणि वर्षभर कुठे कुठे पांगलेली लेकीसुनांची, भावाबहिणींची कुटुंबे त्या एका रात्रीसाठी एका छपराखाली आलेली. हे चित्र इतके रूढ झाले आहे, की ते ख्रिस्ती धर्माइतकेच जुने असावे असे आपण गृहीत धरतो. वास्तविक त्याचे वय पावणेदोनशे वर्षांच्या फारसे पुढे जात नाही.

त्यापूर्वीचा इंग्लंडातला नाताळ समजून घ्यायचा तर मराठी वाचकाने आपला शिमगा आठवावा. थंडीचे दिवस, सुगी संपलेली, कोठारे भरलेली, नवी दारू तयार. तरुणांची टोळकी गात-ओरडत सधनांच्या दारी जात, खाणेपिणे हक्काने मागत. आणि न मिळाल्यास काय होई, हे पोस्त मागणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. सण रस्त्यावरचा होता. प्युरिटन मंडळींना तो खपला नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ रद्द केला, तो १६६० नंतर परत आला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला.

एकोणिसाव्या शतकात हा रस्त्यावरचा सण घरात आणला गेला. स्टीफन निसेनबॉम या इतिहासकाराने १९९६ मधील आपल्या ग्रंथात अमेरिकेपुरती ही प्रक्रिया सविस्तर मांडली आहे. पूर्वी श्रीमंताच्या दारी गरीब याचक येई. आता त्याची जागा घरातल्या लहान मुलाने घेतली. देणे उंबरठ्याच्या आत राहिले. डिकन्सची 'ए ख्रिसमस कॅरल' १८४३ ची. तिच्यातल्या भुताखेतांची चर्चा फार होते; पण कंजूष स्क्रूजचा उद्धार झाल्यावर तो कुठे जातो? भाच्याकडे जेवायला. दिवंगत बहिणीच्या मुलाचे, वर्षानुवर्षे झिडकारलेले आमंत्रण हा मामा अखेर स्वीकारतो. १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने व्हिक्टोरिया राणीचे कुटुंब झाडाभोवती जमल्याचे चित्र छापले. दोन वर्षांनी एका अमेरिकन मासिकाने तेच चित्र राणीचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा खोडून पुन्हा छापले. राजघराणे नाहीसे झाले आणि कुणाचेही घर शोभेल असे घर उरले. ज्या शतकात कारखान्यांनी माणसे गावाबाहेर खेचली, त्याच शतकात वर्षातून एकदा सर्वांनी घरी जमण्याचा हा सण घडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आगगाडीने माणसे नेली, आणि नाताळात तिनेच ती परत आणली.

आता हा गणगोताचा सण महाराष्ट्रात कसा आला ते पाहू. तो दोन वाटांनी आला, आणि त्या दोन वाटांवरच्या माणसांचे गणगोत सारखे नव्हते.

पहिली वाट वसईची. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. तिथले धर्मांतर पुष्कळदा समूहाचे झाले. त्यामुळे सोयरीक, वाडी, शेती आणि बोली शाबूत राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती गावे मात्र राहिली. तिथल्या वाडवळी बोलीला आजही धर्माची सीमा नाही. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला 'कुपारी' म्हणवतात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'पासून आला असे मानतात. बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता आणि मुलाचे आईबाप यांच्यातले ते नाते. म्हणजे नव्या धर्माने जुनी नाती ठेवून वर आणखी एक नाते दिले, आणि तेच जमातीचे नाव झाले! खुद्द 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजांचाच, मुळात जन्माचा वाचक. पुढे इंग्रज-अमेरिकन मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतलेल्या मराठी माणसांनीही 'ख्रिसमस'ऐवजी तोच आपलासा केला.

दुसरी वाट मिशनची. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आले. हे न्यू इंग्लंडमधले, त्याच प्युरिटन परंपरेचे वारस. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची कायदेशीर सुटी १८५६ साली सुरू झाली. म्हणजे नगरच्या मिशनचा पाया घालणारे ज्या समाजातून आले, तिथे हा सण अजून पुरता रुजलेलाही नव्हता. मिशनच्या आवारात पुढे तो रुजला, तो घरगुती अवतारात. आणि इथेच पेच आहे. आजी-आजोबा, काका, मामा यांनी भरलेल्या घराचा सण ज्यांच्या वाट्याला आला, त्यांतल्या कित्येकांची, विशेषतः एकेकट्याने धर्मांतर केलेल्या उच्चवर्णीयांची, नेमकी तीच माणसे त्यांना दुरावली होती.

१८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क राखला. पण कायदा वाटणी देऊ शकतो, पंगतीतला पाट देऊ शकत नाही. मुंज, मंगळागौर, श्राद्ध, दिवाळीतली ओवाळणी यांतून माणूस एका दिवसात बाद होई. त्याच्या मुलांना आजोळ असे, आणि नसेही.

याचा सर्वांत प्रांजळ दस्तऐवज म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने, मुलगा दत्तू याच्यासह, दूर राहिल्या. मग पतीजवळ आल्या, तरी सोवळे सांभाळून. आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. वर्गात हे पुस्तक शिकवताना विद्यार्थी त्यातल्या विनोदाला भरभरून हसतात. त्या विनोदाखाली किती घरे मोडली आहेत, हे त्यांना सांगावे लागते.

मात्र टिळकांच्या घरात नंतर जे घडले, ते रक्ताच्या नात्यात मावणारे नाही. निराधार मुले आली आणि घरचीच झाली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, धर्माने हिंदूच राहून काही काळ त्या घरात मुलासारखे वावरले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने पोरक्या केलेल्या मुलांना ठिकठिकाणच्या मिशनांनी आसरा दिला होता. केडगावला पंडिता रमाबाईंकडे तर मुलींची संख्या शेकड्यांनी मोजावी लागे. तिथले नाताळचे गणगोत जन्माने मिळालेले नव्हते, ते दुष्काळाने गोळा केलेले होते. मिशनऱ्यांच्या पितृभावावर टीका करायला जागा पुष्कळ आहे, आणि ती व्हावी. परंतु ज्या मुलीला कुणीच नव्हते, तिच्या हातात त्या दिवशी कुणीतरी खाऊ ठेवला, याची नोंद घ्यावीच लागते.

आणि एक गोष्ट मागल्या घरातून सहीसलामत आली, ती म्हणजे फराळ. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केक असतोच, पण करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, लाडूही असतात. कोणत्याही मिशनरीने हे शिकवले नव्हते. धर्मांतरित स्त्रीच्या हाताला जे येत होते ते तिने केले. दिवाळीचे तळण डिसेंबरात गेले, एवढेच. ते नातवंडांनी खाल्ले, आणि त्यांच्यासाठी तीच नाताळची चव ठरली. दिवाळीत शेजारच्या हिंदू घरातून आलेले ताट नाताळात भरून परत जाते. जे सोयऱ्यांना जमले नाही, ते पुष्कळ ठिकाणी शेजाऱ्यांना जमले.

लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. ज्या दत्तूला घेऊन त्या दोन घरांच्या मध्ये उभ्या राहिल्या होत्या, तो देवदत्त टिळक या नावाने लेखक-संपादक झाला. 'स्मृतिचित्रे'ची संपादित आवृत्ती सिद्ध करणारे अशोक टिळक हे देवदत्तांचे चिरंजीव, म्हणजे लक्ष्मीबाईंचे नातू.