गोपालचंद्रांच्या मागून, मुंग्यांच्या वाटेनं

पावसाची रिपरिप थांबत नाही. पहिल्या महायुद्धाचे दिवस आहेत. तुम्ही पूर्व बंगालातल्या फरीदपूर जिल्ह्यात, लोनसिंग नावाच्या गावी आहात आणि विशी ओलांडलेल्या एका शाळामास्तरांच्या मागून चिखल तुडवत चालला आहात. पुढे पांचीच्या आईची ओसाड पडलेली जागा आहे. तिथे रात्री भुतं दिवे लावतात, असं सारा गाव सांगतो. झाडीत खरंच एक फिकट उजेड दिसतो आणि तुमचे पाय थबकतात. मास्तर थांबत नाहीत. जवळ जाऊन पाहतात तो पावसानं कुजलेलं एक लाकूड स्वतःच्याच उजेडानं उजळलेलं!

आज आपल्याला कारण माहीत आहे. कुजक्या लाकडात वाढणाऱ्या काही बुरशींच्या पेशींत प्राणवायूच्या मदतीनं एक रासायनिक क्रिया चालते आणि तिच्यातून थंड प्रकाश बाहेर पडतो. सह्याद्रीत, भीमाशंकरच्या जंगलात, ऐन पावसाळ्यात अशी चमकणारी लाकडं पाहायला लोक मुद्दाम जातात. लोनसिंगच्या मास्तरांजवळ मात्र त्या रात्री उत्सुकतेखेरीज दुसरं साधन नव्हतं.

या मास्तरांचं नाव गोपालचंद्र भट्टाचार्य. जन्म १ ऑगस्ट १८९५. वडील भिक्षुकी करणारे, ते गेले तेव्हा मुलगा जेमतेम पाच वर्षांचा. मुंज झाल्याबरोबर यजमानांच्या घरची पूजाअर्चा त्या कोवळ्या पोरावर आली. १९१३ साली मॅट्रिक झाले, कॉलेजात नाव घातलं, पण पैशाअभावी शिक्षण अर्ध्यावर सुटलं. विद्यापीठाच्या दृष्टीनं त्यांची कहाणी इथेच संपली होती.

आता कलकत्त्याला चला. मास्तर शाळा सोडून इथे टेलिफोन ऑपरेटर झाले आहेत. दिवसभर इतरांचे आवाज जोडून द्यायचे, हे काम. पण अंधारात चमकणाऱ्या वनस्पतींबद्दल त्यांनी बंगालीत एक लेख लिहिला आहे आणि रामानंद चटर्जींच्या ‘प्रवासी’ मासिकानं तो छापला आहे. तो लेख जगदीशचंद्र बोस वाचतात. लेखक कोण, म्हणून चौकशी होते. क्रांतिकारक पुलिनबिहारी दास हे लोनसिंगचेच. ते गोपालचंद्रांना बोसांकडे घेऊन जातात आणि १९२१ साली हा टेलिफोन ऑपरेटर बोस संशोधन मंदिरात रुजू होतो.

इथे जरा थांबा, कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. जगभर नाव झालेल्या एका शास्त्रज्ञाला आपला माणूस सापडला तो मातृभाषेतल्या मासिकाच्या पानावर. तो लेख छापणारा संपादक भेटला नसता, तर गोपालचंद्र कदाचित आयुष्यभर टेलिफोनच जोडत राहिले असते.

अप्पर सर्क्युलर रोडवरच्या त्या वास्तूत शिरा. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, बोसांच्या वाढदिवशी, तिचं उद्घाटन झालं होतं. आत वनस्पतींची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारी क्रेस्कोग्राफसारखी नाजूक यंत्रं आहेत. गोपालचंद्र इथे यंत्रं हाताळायला शिकतात, चित्रं काढतात, छायाचित्रणही आत्मसात करतात. पण ते हाती लागायचे तर तुम्हाला इमारतीबाहेर यावं लागेल. शहराच्या कडेच्या बागांत, तळ्याकाठी, आंब्याच्या झाडाखाली शोधा. तिथे ते तासन्‌तास बसलेले असतात.

त्यांच्या शेजारी बसा. हालू नका. समोरच्या फांदीवर लाल-तांबूस मुंग्यांची रांग आहे. बंगालीत यांना नालसो म्हणतात, आपल्या कोकणातले लोक ओंबील म्हणतात. आंबे काढायला झाडावर चढलेल्या कुणालाही यांची ओळख करून द्यावी लागत नाही. आधी चावा, मग त्या जखमेत फॉर्मिक आम्लाची पिचकारी! आता पानांकडे पाहा. दोन पानांच्या कडा लांब आहेत, एका मुंगीची पोच तिथवर नाही. म्हणून एक मुंगी दुसरीची कंबर धरते, दुसरी तिसरीची, आणि त्या साखळीनं पान ओढून आणलं जातं. कडा जुळल्या की आतून काही कामकरी मुंग्या येतात. प्रत्येकीच्या जबड्यात एक अळी असते. अळीचं तोंड या कडेला टेकवायचं, मग त्या कडेला, पुन्हा या कडेला. अळीच्या तोंडातून रेशीम सुटतं आणि पानं शिवली जातात. स्वतःच्या कोशासाठी लागणारं रेशीम अळी वसाहतीच्या घरासाठी देऊन टाकते.

रांगेतली ती एक मुंगी जरा निरखून पाहा. चाल तीच, रंग तोच, पण पाय मोजा. आठ! पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून मुंगीच्या सोंगात फिरणारा तो कोळी आहे. गोपालचंद्रांनी असे कोळी बारकाईनं पाहिले. पाण्यावर राहून लहान मासे पकडणारे कोळीही त्यांनी पाहिले. त्यांची कोळ्यांवरची निरीक्षणं १९३०च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली, म्हणजे आपल्या गावापर्यंतही हा माणूस येऊन गेला आहे.

घरट्याच्या आत काय चालतं, हे पानांआडून कसं दिसणार? त्यांनी मुंग्यांना पारदर्शक कागदाची घरटी दिली. आता अंडी, अळ्या, त्यांना भरवणाऱ्या कामकरी, सगळं उघड्यावर आलं. प्रश्न सोपा वाटतो, पण आहे फार खोल: एकाच वसाहतीत राणी, नर आणि कामकरी असे वेगवेगळे जीव निपजतात ते कशामुळे? जन्मतःच ठरतं की वाढवताना? त्यांनी अळ्यांना मिळणाऱ्या अन्नाकडे लक्ष दिलं, अन्न बदलून पाहिलं. राणी व्हायचं की कामकरी, हे आहारावर अवलंबून असतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो १९४०च्या दशकात बोस संस्थेच्या प्रकाशनात छापून आला. मधमाश्यांत राणीचं खाणं वेगळं असतं हे ठाऊक होतं. झाडावरच्या मुंग्यांबाबत असा प्रयोग कलकत्त्यात एका मॅट्रिक झालेल्या माणसानं केला, याची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती.

पुढची वर्षं भरभर ओलांडा. १९३७मध्ये बोस गेले. १९४३ साली भुकेनं मरणारी माणसं कलकत्त्याच्या फुटपाथांवर आली. मग दंगली, मग फाळणी. लोनसिंग दुसऱ्या देशात राहिलं.

२५ जानेवारी १९४८ला पुन्हा थांबा. भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोसांच्या पुढाकारानं वंगीय विज्ञान परिषद उभी राहते आहे आणि गोपालचंद्र त्यात आहेत. ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक निघतं. पुढे त्याच्या संपादनाचा भार बरीच वर्षं त्यांच्याच खांद्यावर होता. आपल्याकडे पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ १९२८ सालीच निघालं होतं आणि मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. ध्यास एकच होता: शास्त्र माणसाला त्याच्या भाषेत भेटलं पाहिजे.

प्रयोग मात्र थांबले नव्हते. बेडकांच्या पिल्लांना पेनिसिलिन दिलं, तर त्यांचा बेडूक होणं लांबतं, हे त्यांनी दाखवलं. लिहिणंही चालूच होतं. ‘बांग्लार कीटपतंग’ या पुस्तकाला १९७५मध्ये रवींद्र पुरस्कार मिळाला. विद्यापीठातलं प्राध्यापकपद त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. १९८१ साली कलकत्ता विद्यापीठानं त्यांना मानद डी. एस्सी. दिली. त्याच वर्षी ८ एप्रिलला ते गेले. इतका उशीर व्हायला नको होता, आणि तो उशीर त्या पदवीनं भरून निघत नाही.

आता परत या आणि मला एक सांगा. तुमच्या बांधावर, कुंडीत, शाळेच्या मैदानात मातीतले किडे, मुंग्या, कोळी आहेतच. त्यांतल्या अनेकांच्या सवयी मराठीत कुणी लिहूनच ठेवलेल्या नाहीत. रोज एकच जागा पाहा, तारीख आणि वेळ टिपून ठेवा, फोटो काढा आणि जे दिसलं तेवढंच मराठीत लिहा. ‘मराठी विज्ञान परिषद पत्रिका’ आहे, ‘शैक्षणिक संदर्भ’ आहे, तिथे पाठवा. आणि तुम्ही संपादक किंवा प्राध्यापक असाल, तर पदवी नसलेल्या माणसाचा लेख हातात आल्यावर तो शेवटपर्यंत वाचा.