नीलगिरीच्या काष्ठगुणांतील आनुवंशिक विविधता
नीलगिरीच्या काष्ठगुणांतील आनुवंशिक विविधता म्हणजे यूकॅलिप्टस प्रजातीच्या वृक्षांमध्ये लाकडाची घनता, तंतूंची लांबी आणि सेल्युलोज व लिग्निन यांचे प्रमाण याबाबत आढळणारा व जनुकांद्वारे पुढील पिढीत उतरणारा फरक होय. कागदाचा लगदा, खांब व इमारती लाकूड यांसाठी सुधारित वाण निर्माण करताना या फरकाचा उपयोग होतो.

भारतातील पार्श्वभूमी
इ.स. १७९० च्या सुमारास टिपू सुलतानाच्या काळात म्हैसूर राज्यातील नंदी टेकडीवर नीलगिरीची लागवड झाली, असे मानले जाते. तेथील बियांपासून पसरलेला ‘म्हैसूर गम’ हा प्रकार प्रामुख्याने यूकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस या जातीचा असून त्यात संकरही मिसळलेले आहेत. त्यामुळे बियांपासून केलेल्या लागवडीत शेजारची दोन झाडेही सारखी नसतात. बांबूचा पुरवठा अपुरा पडू लागल्यावर भारतीय कागद गिरण्या नीलगिरी व सुबाभूळ यांकडे वळल्या आणि लाकडाच्या एकसारखेपणाला महत्त्व आले.

निवडीची तत्त्वे
लाकूड घन असल्यास तेवढ्याच आकारमानातून अधिक लगदा मिळतो. लिग्निन अधिक असल्यास ते काढण्यासाठी जास्त रसायने लागतात. झाडाच्या वाढीवर माती व पाणी यांचा मोठा प्रभाव पडतो, तर घनतेवर आनुवंशिकतेचा प्रभाव तुलनेने अधिक असतो. हे दोन्ही परिणाम वेगळे करण्यासाठी निरनिराळ्या मातृवृक्षांची संतती एकाच क्षेत्रात विखरून लावतात. जलद वाढणारे झाड घन लाकडाचे असेलच असे नाही. म्हणून दोन्ही गुण स्वतंत्रपणे मोजावे लागतात. त्यासाठी झाड न तोडता खोडातून बारीक नमुना काढतात. निकट-अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने त्याची रासायनिक घटनाही अजमावता येते. २०१४ मध्ये यूकॅलिप्टस ग्रँडिस या जातीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर लाकडाशी संबंधित जनुकांच्या अभ्यासाला गती मिळाली.

कृंतक लागवड आणि मर्यादा
निवडलेल्या झाडाच्या फांद्यांना मुळे फोडून तयार केलेली रोपे, म्हणजेच कृंतक, मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे टिकवतात. भद्राचलमच्या कागद कारखान्याने अशी रोपे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम हाती घेतले. मात्र एकसारखेपणाबरोबर धोकाही वाढतो. २००१ च्या सुमारास दक्षिण भारतात आढळलेल्या लेप्टोसायबी इन्व्हेसा या गाठी करणाऱ्या कीटकाने काही कृंतकांचे मोठे नुकसान केले, तर काही तग धरून राहिले. त्यामुळे उत्तम लाकडाच्या मोजक्या कृंतकांबरोबरच, आज निरुपयोगी वाटणाऱ्या झाडांचाही आनुवंशिक साठा जतन करणे आवश्यक ठरते.